ठोकायचं न्हाई

आमच्या घरात साखरेचा डबा कुणी ओट्यावर आपटला की माझं डोकं फिरतं. सासूबाई बिचाऱ्या सहज आपटतात. पुडा रिकामा करताना साखर डब्यात मावत नाही असं दिसलं की डबा उचलायचा, दोनदा ठक ठक करायचं, साखर खाली बसते आणि उरलेली वर मावते. सगळं जग असेच डबे भरतं. मीही भरायचे. आता तो आवाज आला की मी आतल्या खोलीतून ओरडते, "ठोकू नका", आणि मग दिवसभर घरात कुणी माझ्याशी नीट बोलत नाही.

हा रोग मला चाचांनी लावला. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. जिथे लिहायला हवं होतं तिथे मी ते लिहिलं नाही, त्यामुळे आता इथे लिहून मिरवायचा मला हक्क नाही. सगळे त्यांना चाचाच म्हणायचे. आमचे साहेब त्यांच्याहून जेमतेम चार-पाच वर्षांनी लहान असतील, तेही चाचाच म्हणायचे, आणि म्हणताना असं हसायचे की जणू आपण फार मोठं मन दाखवतोय.

आमची कंपनी म्हणजे घोटावड्याच्या अलीकडे एक पत्र्याची शेड. एका बाजूला नटबोल्टचा कारखाना, दुसऱ्या बाजूला भाताचं खाचर. काम माती तपासण्याचं. मारुंजीला, सूसला जी सोसायटी उभी राहते तिच्या पायाखालची माती आधी आमच्याकडे पिशव्यांतून येते. कंटाळवाणं काम, पण रोजचं. त्यात साहेबांनी कुठून तरी एक निराळंच काम आणलं.

ते काम असं. वाळूच्या ढिगात वरच्या दाण्यांचं ओझं खालच्या दाण्यांवर असतं. हे ओझं काढून घेतलं तर वाळू कशी वागते, हे दक्षिणेतल्या एका संस्थेतल्या शास्त्रज्ञांना बघायचं होतं. उद्या चंद्रावर काही उतरवायचं, तिथली माती खणायची, तर हे आधी कळावं लागतं. त्यांच्याकडे एक उंच मनोरा आहे. त्याच्या माथ्यावरून बंद पेटी सोडतात. ती खाली पडेपर्यंत जे मोजके सेकंद मिळतात, तेवढा वेळ पेटीतल्या कशालाच वजन नसतं. तेवढ्यात आतला वाळूचा नमुना हलकेच दाबायचा आणि कॅमेऱ्याने बघायचा. नमुना म्हणजे पाण्याच्या बाटलीएवढा वाळूचा उभा दंडगोल, साच्यात पातळ रबराची पिशवी लावून तीत भरलेला. तो वरपासून खालपर्यंत एकसारखा हवा. एका जागी दाणे दाटलेले आणि दुसऱ्या जागी सैल असले, तर आपण वाळूचा स्वभाव बघतोय की भरणाऱ्याच्या हाताचा, हे कळणार कसं? हा प्रश्न या शब्दांत चाचांचा. शास्त्रज्ञांनी तोच चार पानं भरून विचारला होता.

चाचा पौडचे. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या माती-प्रयोगशाळेत त्यांनी उभी हयात मदतनीस म्हणून काढली होती आणि निवृत्तीनंतर साहेबांनी त्यांना आमच्याकडे बोलावून घेतलं होतं. बुटके, दाढी पांढरी, शर्टाच्या खिशात कायम एक मऊ ब्रश. मी एम.टेक. होऊन रुबाबात पहिल्या दिवशी त्यांच्या खोलीत शिरले तर त्यांनी वर न बघता सांगितलं, "फॅन बंद करा." मी बंद केला. मग चपला बाहेर, मग बांगड्या काढून टेबलावर, मग फोन खोलीच्या बाहेर, कारण तो थरथरला तर टेबल थरथरतं. एवढं झाल्यावर ते म्हणाले, "आता श्वास बी जरा त्या तिकडं तोंड करून घ्या, म्याडम." त्या दिवशी घरी जाताना मी नवऱ्याला फोनवर सांगितलं की मला एका वेड्याच्या हाताखाली टाकलंय.

वेडेच होते. रस्त्यावरून डंपर आला की त्यांचा हात थांबायचा. डंपर अजून वळणाच्या पलीकडे असायचा, आम्हाला ऐकूही यायचा नाही, आणि यांनी वाळू सोडायच्या नरसाळ्याच्या तोंडाशी बोट लावलेलं. वाळू भट्टीत वाळवून, झाकणबंद बरणीत थंड करून ठेवलेली असायची, तरी पावसाळ्यात ते चिमूटभर वाळू मनगटाच्या आतल्या बाजूला घासायचे आणि "आज न्हाई" म्हणून दिवसभर खोलीला कुलूप लावायचे. मुळशीचा पावसाळा म्हणजे चार महिने भिंतीला ओल. साहेब बाहेर येरझाऱ्या घालायचे आणि हे आत बसून ब्रश झाडायचे.

साहेबांनी एकदा नरसाळं वर उचलायला मोटार लावलेला स्टँड मागवला. चाचांनी तो दोन दिवस वापरला, तिसऱ्या दिवशी मोटार काढून कपाटात ठेवली आणि दांडा तेवढा ठेवला. मोटार गुरगुरते, म्हणाले. त्याऐवजी त्यांनी नरसाळ्याच्या तोंडाला एक दोरा बांधला आणि दोऱ्याच्या टोकाला एक बारीक मणी. वाळू साच्यात पडत जाते तशी तिची पातळी वर येते, त्या बेताने नरसाळं वर उचलत राहायचं. मणी वाळूला टेकता कामा नये आणि केसभराहून जास्त वरही राहता कामा नये. दीड-दोन तास हेच. डोळे मण्यावर, कान धारेवर. मी पाहिलंय, ते मधेच डोळे मिटून घ्यायचे. धारेचा आवाज बदलला की नरसाळं रिकामं होत आलं, हे त्यांना आधी ऐकू यायचं आणि मग दिसायचं.

हे सगळं त्यांना कॉलेजात नव्हे, पौडच्या बाजारात शिकायला मिळालं होतं. त्यांच्या वडिलांचं धान्याचं दुकान होतं. तेव्हा धान्य वजनावर नाही, मापाने जायचं. एकदा रस्त्याकडेच्या टपरीवर चहा पिता पिता त्यांनी मला सांगितलं की एकाच पोत्यातली ज्वारी एकाच मापट्यात कमी-जास्त मावते. उंचावरून बारीक धारेने सोडली की दाणे घट्ट बसतात, मापट्यात जास्त मावतात. खालून भसकन ओतली की सैल बसतात, मापटं लवकर भरतं. मग कितीतरी दुकानदार शेतकऱ्याकडून घेताना उंचावरून धार धरायचे आणि गिऱ्हाइकाला देताना भसकन ओतायचे. मापटं तेच, त्यावर सरकारी शिक्का तोच. कोण काय बोलणार?

"माझा बाप एक वीत उंची धरायचा," ते म्हणाले. "घेताना बी तीच, देताना बी तीच. आमी पोरं दुकानात बसलो की आमच्या हाताला दोरी बांधून बघायचा, वर गेला का खाली गेला. आन मापटं ठोकायचं न्हाई. ज्यानं ठोकलं त्यानं त्या दिशी जेवायचं न्हाई."

शास्त्रज्ञांच्या भाषेत या सगळ्याला मोठी नावं आहेत आणि ती मला तोंडपाठ होती. ती पाठ करताना मला कुणी कधी सांगितलं नव्हतं की पौडच्या बाजारात एक माणूस यासाठी पोरांना उपाशी ठेवायचा.

ठोकणं म्हणजे त्यांच्या लेखी गुन्हा. साच्यात वाळू जरा कमी भरल्यासारखी वाटली की माणसाचा हात आपोआप साच्यावर टिचकी मारायला जातो. टिचकीने दाणे बसतात, पण सगळीकडे सारखे नाही बसत. जिथे ठोकलं तिथे दाट, पलीकडे सैल. नमुना बाहेरून देखणा दिसतो आणि आतून खोटा असतो. एकदा साहेब पाहुणे घेऊन आले. चांगले सुटाबुटातले, आणि चपला काढायला लावल्यामुळे आधीच रुसलेले. त्यातल्या एकाने भरलेल्या साच्यावर नखाने टक टक केलं आणि विचारलं, "हीच का ती वाळू?" चाचांनी साचा उचलला, सगळी वाळू परातीत ओतली आणि त्यांना खुर्ची दिली. "बसा. आता तीन तासांनी सांगतो." साहेबांचा चेहरा असा झाला की मी तोंड वळवून हसले. ते हसू मला पुढे महागात पडायला हवं होतं. पडलं नाही, आणि तेच वाईट झालं.

मला ते शिकवायचे म्हणजे शिव्याच घालायचे. पहिले तीन महिने मी भरलेला प्रत्येक नमुना त्यांनी परातीत ओतला. आतले दाणे दिसावेत म्हणून आम्ही एक्स-रे काढायचो, त्याच्याही आधी. "गाठ हाय," म्हणायचे, म्हणजे एका जागी दाणे दाटलेत. मी चिडून एकदा त्यांच्याशी भांडले, एक्स-रे काढायला लावला. गाठ होती. खालून चौथ्या बोटावर. मी त्या दिवशी डबा न खाता घरी गेले.

मी डावखुरी. लहानपणी मला जेवताना, लिहिताना, प्रसाद घेताना त्या हातावर फटके बसलेत, म्हणून चारचौघांत मी अजून उजवा हात पुढे करते. चाचांसमोर नरसाळंही उजव्या हातानेच धरायचे. एक दिवस त्यांनी विचारलं, चपाती कुठल्या हाताने उलटतेस. मी सांगितलं. त्यांनी नरसाळं काढून माझ्या डाव्या हातात दिलं.

"ह्यो हात धर पुढं. ह्यो सरळ हाय तुझा, पोरी."

तोपर्यंत मी म्याडम होते. त्या दिवशी पोरी झाले. त्या दिवशीचा नमुना त्यांनी ओतला नाही. जवळजवळ चाळीस वर्षांचं कुणाचं तरी काम माझ्या डाव्या हातात आलं असं मला वाटलं होतं, आणि ते मी कसं वापरलं ते आता सांगते.

नमुने मनोऱ्यापाशी पोचवायचे कसे, हा प्रश्न आला. वाळू आकारात उभी राहावी म्हणून पिशवीतली हवा ओढतात, पण इथे अगदी थोडीच ओढायची होती, जास्त ओढली तर दाणे आवळले जातात आणि प्रयोगाचा अर्थच जातो. म्हणजे नमुना नाजूकच राहणार. आणि आमचा रस्ता! घोटावड्यापासून मारुंजीपर्यंत खड्डे आणि गतिरोधक यांच्यात किती अंतर आहे हे सांगता येत नाही. चाचांनी एक काचेचं नळकांडं वाळूने भरलं, पातळीवर शाईची खूण केली, मला स्कूटर काढायला लावली आणि ते मांडीवर धरून मागे बसले. हिंजवडीच्या बाजूला जाऊन परत आलो तर वाळू खुणेच्या दोन बोटं खाली. ते नळकांडं त्यांनी तसंच साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. वाळू बरणीतून न्या, म्हणाले. मला न्या, माझं नरसाळं न्या. तिथंच भरतो.

साहेबांनी मान्य केलं. संस्थेने चार माणसांना आत येण्याची परवानगी दिली होती: साहेब, आमच्याकडचा एक सहकारी, मी आणि चौथे चाचा.

त्यानंतरचे तीन आठवडे चाचांनी आम्हाला सळो की पळो करून सोडलं. तिथे भात किती मिळतो, मनोऱ्याला जिना आहे का, पेटी पडताना आवाज येतो का. पेटी पडते आहे तोवर आतल्या वाळूला वजन नसतं हे मी त्यांना समजावायला गेले तर ते मलाच म्हणाले, "हे तर आमाला ठाव हाय. दाना हवेत हाय तवर त्यो कुनाच्याच मापात न्हाई." आत जायला कागद लागतात असं कुणीतरी सांगितल्यावर ते स्वतः पौडच्या पोलीस ठाण्यात जाऊन चारित्र्याचा दाखला घेऊन आले. दोन फोटो, आधारची प्रत, निवृत्तीचं पत्र, सगळं एका पारदर्शक फोल्डरमध्ये. नवी चप्पल घेतली. उभ्या पौडच्या बाजाराला सांगून झालं की चाचा वाळू घेऊन मनोऱ्याला चाललेत.

यादी पाठवायच्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि टाइप करायला सांगितलं. तीन नावं झाली. मी चौथं टाइप करायला घेतलं तर म्हणाले, राहू दे.

"तसं काही नाही गं," ते म्हणाले. "पण ती जागा संवेदनशील आहे. हे नाव दिसलं की चौकशी लांबणार. आपली तारीख जाईल. तू त्यांना सांग, पास आला नाही म्हणून."

संस्थेने एका शब्दाने काही विचारलं नव्हतं. नाव त्यांच्यापर्यंत गेलंच नाही तर ते काय विचारणार? "तसं काही नाही" म्हणून जे असतं ते सगळं त्या केबिनमध्ये होतं, आणि मी समोर बसून मान हलवली. हे साहेब दर ईदला शीरखुर्मा मागून घेऊन खायचे. आणि मी कोण? जिला चाचांनी हात दिला ती. मला साहेबांचा राग येतो तेव्हा तो फार टिकत नाही, कारण तो फिरून माझ्याकडेच येतो. चौथी ओळ मी रिकामी ठेवली आणि पाठवा हे बटण मीच दाबलं.

चाचांना पास आला नाही म्हणून मीच सांगितलं. त्यांनी फोल्डर उघडून प्रत्येक कागद एकदा बघितला आणि परत ठेवला. मग त्यांनी इथेच, घोटावड्यात, सहा नमुने भरले. साहेब म्हणाले होते, इथंच भरून नेऊ, साच्यासकट थर्माकोलमध्ये नीट बसवू. सहा दिवस लागले. सहाही नमुन्यांच्या कागदावर त्यांनी सही केली. निघताना पिकअपच्या मागे उभे राहून त्यांनी ड्रायव्हरला एवढंच सांगितलं, "गचका देऊ नका बाबा."

गचके बसायचे तेवढे बसले. तिथे पोचल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेट्या उघडल्या. पाच नमुने ठीक दिसत होते. सहाव्यात वरच्या झाकणाखाली पोकळी होती. वाळू बसली होती. साहेब आणि सहकारी कागदपत्रांसाठी दुसऱ्या इमारतीत गेले होते. तासाभरात नमुना द्यायचा होता. मी वरची पिशवी सोडवली, चमच्याने वाळू घातली, पोकळी बुजली, तरी किंचित कमी वाटली. आणि माझा हात गेला. ब्रशचा लाकडी दांडा साच्याला दोनदा लागला. ठक ठक. ओट्यावर डबा आपटतात तसं. वाळू बसली, वरून आणखी अर्धा चमचा मावली. मी पिशवी बांधली आणि देऊन टाकला.

खरं सांगायला तेव्हाही वेळ होता. पाचच नमुने द्या, सहावा गेला, एवढं म्हणायचं होतं.

पेट्या पडल्या. पाच नमुने चांगले दाबले गेले. सहावा एका अंगाला कलला. संस्थेचं पत्र आलं, पुढचं काम द्यायचं की नाही ते या खुलाशावर ठरेल असं. सोबत पेटी सोडण्याआधी तिथे काढलेला एक्स-रे होता. साहेबांनी चाचांना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. लॅपटॉपवर चित्र लावलं आणि त्यांच्याकडे वळवलं.

"फॅन बंद करा," चाचा म्हणाले.

चित्र बघायला फॅन कशाला बंद करायचा, असं साहेब पुटपुटले, पण केला. चाचा बराच वेळ बघत राहिले. मग पडद्याला न लावता बोट धरलं.

"हितं ठोकलंय. दोनदा. वरनं, डाव्या अंगानं."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही, हाताकडे. माझा डावा हात टेबलावर होता, पेन धरलेला. मी तो टेबलाखाली घेतला.

साहेब म्हणाले, म्हणजे भरताना तुमच्याकडून ठोकलं गेलं. चाचा थांबले. फॅनही बंद होता, त्यामुळे ते थांबणं सगळ्यांना ऐकू आलं. मी काही बोलले नाही. पिकअपमधल्या गचक्यांचं नाव साहेबांनीही काढलं नाही.

"सही माझी हाय न्हवं?" चाचा म्हणाले. "मंग झालं."

त्यांनी खिशातला ब्रश टेबलावर ठेवला आणि बाहेर जाऊन चपला घातल्या. नव्याच चपला होत्या. संस्थेला पत्र गेलं की नमुने भरणाऱ्या मदतनिसाला कामावरून कमी केलं आहे. ते पत्रही मीच टाइप केलं, त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

पुढचं काम मिळालं. आता आमच्याकडे पद्धतीची एक पुस्तिका आहे. चाचांची वीत सेंटीमीटरमध्ये दिली आहे, मण्याचं चित्र आहे, आर्द्रता किती असावी ते आहे, डंपर आला तर थांबा हे 'बाह्य कंपने टाळावीत' असं लिहिलं आहे. पहिल्या पानावर नाव माझं. लोक येतात, माझा हात बघून वाहवा करतात. त्यांना हाकलून द्यावंसं वाटतं.

दोन वर्षांनी, म्हणजे यंदाच, मी पौडला गेले. इतके दिवस गेले नव्हते. राग होता म्हणा. मला त्यांचाही राग यायचा. त्यांनी त्या दिवशी माझं नाव घ्यायला हवं होतं. ओरडायला हवं होतं, शिवी द्यायला हवी होती. नमुना परातीत ओतायचे तसं मला ओतायला हवं होतं. ज्यासाठी त्यांच्या वडिलांनी उपाशी ठेवलं असतं असा गुन्हा मी केला आणि यांनी तो गुपचूप खिशात घातला. कुणी सांगितलं होतं?

घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. सून दार उघडायला आली. चाचा खाटेवर बसून ताटात मसूर निवडत होते. डोक्यावर फॅन फिरत होता. मी चपला काढल्या, बांगड्याही काढायला गेले, तर ते हसले.

"राहू दे पोरी. हितं काय साचा न्हाई."

मी बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. सहावा नमुना, पोकळी, चमचा, ब्रशचा दांडा. ते मसूर निवडत ऐकत होते.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "गाडीनं वाळू बसली, तुझा जीव घाबरला, हात गेला. हात जातो. माझ्या बापाचा बी एकदा गेलता, त्यो बी जेवला न्हवता त्या दिशी. तू बोलशील म्हनून थांबलो व्हतो जरा. न्हाई बोललीस. आसू दे."

सुनेने चहा आणला. मला इतकं हलकं वाटलं की मी रडले. तिथेच उठायला हवं होतं. पण हलकं वाटायला लागलं की माणूस हावरा होतो. सगळंच टाकून मोकळं व्हावं असं मला वाटलं, आणि मी म्हणाले, चाचा, अजून एक आहे. ती यादी. तुमचं नाव पाठवलंच नव्हतं.

त्यांचा हात ताटात थांबला. डंपर यायच्या आधी थांबायचा तसा. मग त्यांनी ताट बाजूला ठेवलं आणि भिंतीवरच्या फळीकडे बघितलं. तिथे ते पारदर्शक फोल्डर होतं, अजून तसंच, फोटो दिसत होता.

"मला वाटलं दाखल्यात काय तरी चुकलं," ते म्हणाले. "दोनदा गेलो ठाण्यात इचारायला. तितला पोलीस साहेब म्हनला, समदं बरोबर हाय, चाचा. तरी वाटायचं काय तरी ऱ्हायलं आसंल माझ्याकडनं."

ते उठले, दाराशी गेले आणि फॅन बंद केला. पाती थांबेपर्यंत तिथेच उभे राहिले. मग परत येऊन माझ्यासमोर बसले.

"आता परत सांगा, म्याडम. सावकाश."

मी परत सांगितलं. जागा चार होत्या. नावं तीन गेली. चौथी ओळ मी रिकामी ठेवली.